तीन आणे की पंधरा आणे? लोहियांचा लोकसभेतला हिशेब उलगडून पाहताना

ऑगस्ट १९६३. स्वतंत्र भारतातल्या सरकारवरचा पहिला अविश्वास ठराव लोकसभेत चर्चेला आला. तो मांडला होता आचार्य कृपलानींनी. चार दिवस आणि एकवीस तासांहून अधिक वेळ चर्चा झाली. ठरावाच्या बाजूने ६२ मतं पडली, विरोधात ३४७. सरकार पडेल असं कुणालाच वाटत नव्हतं. चीनबरोबरच्या युद्धातली नामुष्की अजून ताजी होती आणि बोलणाऱ्यांचा बराचसा रोख तिकडेच होता. तरी आज त्या चर्चेतलं लोकांच्या लक्षात राहिलं आहे ते आण्यांचं भांडण.

फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून डॉ. राममनोहर लोहिया नुकतेच सभागृहात आले होते. ते म्हणाले, या देशातली २७ कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंनी नियोजन आयोगाचा हवाला देऊन उत्तर दिलं : तीन नव्हे, पंधरा आणे. पुढे या वादात नियोजन खातं सांभाळलेल्या गुलझारीलाल नंदांकडून तिसरा आकडा आला, साडेसात आणे. प्रकरण तेवढ्यावर मिटलं नाही. सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटपावर लोकसभेत स्वतंत्र चर्चा झाली.

हा किस्सा बहुतेक वेळा मर्दुमकीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. एका बाजूला एकटा खासदार, दुसऱ्या बाजूला बलाढ्य पंतप्रधान. त्यामुळे त्यातलं गणित कुणी फारसं पाहत नाही. ते पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. नेहरूंचा आकडा बरोबर होता, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता. लोहियांचा आकडा बहुधा वास्तवापेक्षा कमी होता, पण त्यांचा प्रश्न अचूक होता.

आधी आणे समजून घेऊ

एक रुपया म्हणजे सोळा आणे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. म्हणजे १९६३ मध्ये आणा कागदोपत्री गेलेला होता, पण बाजारात आणि बोलण्यात तो तसाच होता. आपल्याकडे पीकपाण्याच्या अंदाजाला ‘आणेवारी’ म्हणत. सरकारने तिचं नाव ‘पैसेवारी’ केलं तरी गावात जुना शब्द अजून निघतो. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. त्या हिशेबाने तीन आणे म्हणजे पावणेएकोणीस पैसे आणि पंधरा आणे म्हणजे पावणेचौऱ्याण्णव पैसे. महिन्याचा हिशेब केला तर तीन आणे रोज म्हणजे साधारण ५ रुपये ६० पैसे, साडेसात आणे रोज म्हणजे १४ रुपये आणि पंधरा आणे रोज म्हणजे २८ रुपये. हे आकडे माणशी आहेत, घरटी नाहीत. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

पंधरा आणे कुठून आले?

१९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ४४ कोटी भरली. त्या सुमाराचं राष्ट्रीय उत्पन्न ठोकळ आकड्यात वर्षाला १५ हजार कोटी रुपये धरू. भागाकार केला की माणशी वर्षाला ३४१ रुपये येतात. त्याला ३६५ ने भागलं की ९३ पैसे, म्हणजेच पंधरा आणे. नेहरूंचं गणित चुकलेलं नव्हतं.

पण ही सरासरी आहे, आणि लोहिया सरासरी विचारत नव्हते. २७ कोटी म्हणजे ४४ कोटींपैकी साधारण साठ टक्के. त्यांचा प्रश्न तळाच्या साठ टक्क्यांचा होता. त्याला सगळ्या देशाच्या सरासरीने उत्तर देणं म्हणजे विहिरीचा तळ किती खोल आहे असं विचारल्यावर गावातल्या सगळ्या विहिरींची सरासरी खोली सांगणं.

या सरासरीत आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे दोन्ही बाजूंच्या समर्थकांचं दुर्लक्ष होतं. राष्ट्रीय उत्पन्न सगळंच्या सगळं लोकांच्या हातात पडत नाही. त्यातून कर जातात, कंपन्यांचा न वाटलेला नफा जातो, बचत होते. धरणं, पोलाद कारखाने, सैन्य यांचा खर्च त्यातूनच निघतो. त्यामुळे पंधरा आणे ही सरासरी माणसाच्या खर्चायला मिळणारी रक्कमसुद्धा नाही. ती त्याहून बरीच कमी भरते.

दहा माणसांचा ताळा

आकडे कोटींत असले की डोकं चालेनासं होतं. म्हणून देश दहा माणसांचा आहे असं समजू. सरासरी पंधरा आणे, म्हणजे दहाजणांची मिळून रोजची कमाई १५० आणे.

आता लोहियांचं म्हणणं धरून चालू. तळाच्या सहाजणांना तीन-तीन आणे, म्हणजे १८ आणे. उरले १३२. ते वरच्या चौघांत वाटले तर प्रत्येकी ३३ आणे. याचा अर्थ साठ टक्के लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा फक्त बारा टक्के वाटा.

नंदांचं म्हणणं धरू. सहाजणांना साडेसात-साडेसात, म्हणजे ४५ आणे. उरले १०५, म्हणजे वरच्या चौघांना प्रत्येकी सव्वासव्वीस आणे. साठ टक्क्यांचा वाटा तीस टक्के.

यातलं काय शक्य वाटतं? राष्ट्रीय नमुना पाहणीत त्या काळी घरोघरचा खर्च विचारला जात होता. त्या आकड्यांत तळाच्या साठ टक्क्यांचा वाटा एकूण घरखर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा थोडा वर येतो. साडेसात आणे या चौकटीत बसतात. तीन आणे बसत नाहीत. साठ टक्के लोकांना बारा टक्के ही विषमता भारताच्या तेव्हाच्या कोणत्याही पाहणीतल्या विषमतेपेक्षा खूप जास्त आहे. लोहियांवर माया असणाऱ्यांनीही हे मान्य करायला हवं.

तरी पाहा काय झालं. सरकारने आधी पंधरा सांगितले. मग सरकारकडूनच साडेसात आले, म्हणजे बरोबर निम्मे. विरोधी बाकावरच्या माणसाने धरून ठेवलं नसतं तर हा दुसरा आकडा सभागृहात आलाच नसता. माझ्या मते लोहियांचं खरं काम हे आहे. त्यांनी सरकारला सरासरी सोडून तळाकडे पाहायला लावलं.

तीन आण्यांच्या जवळपास कोण होतं?

तीन आणे साठ टक्क्यांना लागू होत नसतील, पण तो आकडा हवेतला नव्हता. शेतमजुरांची कुटुंबं पाहिली की हे कळतं.

शेतमजुरांची दुसरी अखिल भारतीय चौकशी १९५६-५७ मध्ये झाली. तिच्यात शेतमजूर कुटुंबाचं सरासरी वार्षिक उत्पन्न ४३७ रुपये निघालं, माणशी ९९ रुपये ४० पैसे. त्याला ३६५ ने भागलं की रोजचे २७ पैसे, म्हणजे सव्वाचार आण्यांच्या किंचित वर. शिवाय ही शेतमजुरांमधली सरासरी आहे. तिच्याखालीही लाखो कुटुंबं होती. म्हणजे तीन आण्यांवर जगणारी माणसं देशात नक्की होती. प्रश्न एवढाच की ती २७ कोटी होती का.

त्याच चौकशीत पुरुष शेतमजुराची सरासरी रोजची मजुरी ९६ पैसे आहे. हा आकडा मुद्दाम लक्षात घ्या, कारण ९६ पैसे म्हणजे साडेपंधरा आण्यांना थोडे कमी. नेहरूंच्या पंधरा आण्यांशी तो जवळजवळ जुळतो. मग मजुराला रोज पंधरा आणे मिळतच होते की, असं कुणी म्हणू शकेल. पण ही मजुरी काम मिळालेल्या दिवसाची आहे, आणि वर्षात मजुरीचे दिवस भरत होते १९७. बाकीचे दिवस बिनकामाचे किंवा स्वतःच्या तुकड्यावर राबण्याचे. त्यात ही मजुरी एकट्याची नाही, तिच्यावर सरासरी चार-साडेचार तोंडं अवलंबून. ९६ पैसे गुणिले १९७ दिवस, भागिले ३६५, भागिले ४.४ केलं की माणशी जेमतेम दोन आणे येतात. बाईची मजुरी आणि इतर किरकोळ कमाई धरली की तो आकडा सव्वाचारवर जातो.

दिवसाची मजुरी, वर्षाची कमाई, घरटी उत्पन्न आणि माणशी उत्पन्न हे चार वेगळे आकडे आहेत. एकाच मजुराबद्दल बोलताना यातला कुठलाही निवडता येतो, आणि प्रत्येक वेळी चित्र वेगळं दिसतं. उत्पन्नावरचे संसदीय वाद सगळ्यात जास्त वेळा इथेच घसरतात.

या चौकश्यांमध्ये आणखी एक खाच आहे. १९५०-५१ च्या पहिल्या चौकशीत माणशी उत्पन्न १०४ रुपये होतं आणि मजुरी १०९ पैसे. दोन्ही आकडे पुढच्या सहा वर्षांत घसरलेले दिसतात. पहिली पंचवार्षिक योजना पार पडली आणि शेतमजूर आणखी गरीब झाला, असा अर्थ विरोधकांना सहज काढता येत होता. पण दोन चौकश्यांत शेतमजूर कुटुंबाची व्याख्या बदलली होती. धान्याच्या रूपात मिळणाऱ्या मजुरीची किंमतही पहिल्या वेळी किरकोळ भावाने लावली होती, दुसऱ्या वेळी घाऊक भावाने. तीच पायलीभर ज्वारी, पण कागदावर तिची किंमत कमी. त्यामुळे घसरणीतला काही भाग मोजण्याच्या पद्धतीचा आहे. किती, ते ठामपणे सांगता येत नाही. पण कुठल्याही दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवताना आधी व्याख्या आणि भाव पाहायचे, हा या चौकश्यांचा धडा आहे.

सरकारच्या स्वतःच्या कपाटातला कागद

या वादाच्या एकच वर्ष आधी, १९६२ मध्ये, नियोजनकारांसाठी एका अभ्यासगटाने किमान जीवनमानाचा आकडा ठरवला होता. पुण्याचे प्रा. धनंजयराव गाडगीळ त्या गटात होते, व्ही. के. आर. व्ही. राव होते, पीतांबर पंत होते. लोहियांच्या अगदी उलट विचारांचे, स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानीही होते. त्यांनी म्हटलं, १९६०-६१ च्या किमतींनी पाचजणांच्या कुटुंबाला महिन्याला किमान १०० रुपये हवेत, म्हणजे माणशी २० रुपये. यात आरोग्य आणि शिक्षण धरलेलं नाही, कारण ते सरकार पुरवील असं गृहीत होतं. शहरात महागाई जास्त म्हणून तिथे २५ रुपये.

वीस रुपये महिना म्हणजे रोजचे पावणेअकरा आण्यांच्या आसपास. आता चारही आकडे एका ओळीत ठेवा : लोहियांचे तीन, नंदांचे साडेसात, किमान गरजेचे जवळपास पावणेअकरा, सरासरी पंधरा. पंधरा आणे ऐकले की देश किमान गरजेच्या वर आहे असं वाटतं. साडेसात ऐकले की कळतं, सरकारचाच आकडा धरला तरी अर्ध्याहून जास्त देश सरकारच्याच किमान रेषेच्या बराच खाली आहे. लोहियांना तीन आण्यांवर अडून बसायची गरजच नव्हती. साडेसात आणे विरुद्ध पावणेअकरा आणे एवढं मांडलं असतं तरी युक्तिवाद तितकाच जबरदस्त झाला असता, शिवाय कुणाला खोडता आला नसता. जास्तीत जास्त धक्का देणारा आकडा उचलला की चर्चा त्या आकड्याच्या खरेखोटेपणावर अडकते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

नेहरूंना हा प्रश्न सुचलाच नव्हता, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. योजनांमधून वाढलेलं उत्पन्न गेलं कुठे, असं ते स्वतः १९६० मध्ये लोकसभेत बोलले होते. त्यानंतर ऑक्टोबर १९६० मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल फेब्रुवारी १९६४ मध्ये आला. नियोजित अर्थव्यवस्थेच्या चलनवलनाने मोठ्या कंपन्यांच्या वाढीला हातभारच लावला आहे, असं त्या समितीने नोंदवलं. समाजवादी धाटणीच्या नियोजनावर सरकारच्याच समितीने केलेली ही टीका लोहियांच्या भाषणाइतकीच बोचरी आहे, फक्त शब्द सौम्य आहेत.

पंचवीस हजार रुपये रोज

तीन आण्यांच्या जोडीला लोहियांनी दुसरा आकडा ठेवला होता : पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये खर्च होतात. त्यावर त्यांनी पुस्तिकाही काढली. हा आकडा प्रचारात प्रभावी ठरला. आर्थिक युक्तिवाद म्हणून मात्र तो कच्चा आहे. पदाचा, कार्यालयाचा, सुरक्षेचा खर्च आणि एका मजुराचं पोट यांची एकके वेगळी आहेत. २५ हजार रोज म्हणजे वर्षाला सव्वाएक्क्याण्णव लाख रुपये. ते सगळे वाचवून २७ कोटींत वाटले तर माणशी वर्षाला साडेतीन पैशांहूनही कमी.

लोहियांना हे कळत नव्हतं असं मानणं चूक आहे. त्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट केली होती, तीही भारतातल्या मिठावरच्या कराच्या विषयावर. रुपयांत क्षुल्लक वाटणारा कर गरिबाच्या कमाईत किती मोठा भाग खातो, हे मिठाच्या करापेक्षा चांगलं कुठलंही उदाहरण शिकवत नाही. २५ हजारांचा आकडा त्यांना वाटपासाठी नको होता. वरच्या थराचा उपभोग हाच देशाच्या भांडवलाला लागलेला पाझर आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणून त्यांची मागणी उत्पन्नाबरोबरच खर्चावरही मर्यादा घालण्याची होती, आणि सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या उत्पन्नात एकास दहापेक्षा जास्त अंतर नसावं, अशी होती.

‘दाम बांधो’ आणि त्याची अडचण

लोहियांच्या आर्थिक मांडणीतला सगळ्यात नेमका भाग म्हणजे दामनीती, म्हणजे भाव बांधून ठेवण्याचं धोरण, आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. तिचे दोन नियम होते. दोन हंगामांमध्ये धान्याचा भाव शेरामागे एक आण्याहून जास्त चढू-उतरू नये. कारखान्यात बनलेल्या जीवनावश्यक वस्तूची विक्रीची किंमत उत्पादन खर्चाच्या दीडपटीहून जास्त नसावी.

पहिला नियम शेतकऱ्यासाठीही आहे आणि खाणाऱ्यासाठीही. सुगीत भाव पडतो तेव्हा लहान शेतकरी विकतो, कारण त्याला देणी भागवायची असतात. आषाढ-श्रावणात भाव चढतो तेव्हा तोच शेतकरी विकत घेतो. दोन्ही वेळा मधला कमावतो. शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, तेव्हा शेराला एक आणा म्हणजे क्विंटलला सहा रुपये सत्तर पैशांच्या आसपास. एवढ्याच फरकात सहा-सात महिन्यांची साठवण, पैशांवरचं व्याज, उंदीर-किडीने होणारी नासाडी आणि वाहतूक बसवायची. ज्या वर्षी ते बसणार नाही त्या वर्षी खासगी व्यापारी साठा करणारच नाही, आणि टंचाईच्या महिन्यात बाजार रिकामा पडेल. म्हणजे हा नियम कायद्याने नुसता जाहीर करून चालत नाही. सुगीत खरेदी करणारं आणि टंचाईत बाहेर काढणारं सरकारी कोठार त्यामागे लागतं. भारतात अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग १९६५ च्या जानेवारीत उभे राहिले. ते लोहियांमुळे झाले असं नाही, धान्याच्या टंचाईने सरकारवर ती वेळ आणली. पण भाव बांधायचा तर कोठार हवं, हे तर्कशास्त्र तेच आहे.

दुसऱ्या नियमात खोल चूक लपलेली आहे. विक्रीची किंमत म्हटली की तिच्यात कारखानदाराचा नफा आणि सरकारचा अबकारी कर दोन्ही आले, म्हणून हा नियम दोघांनाही आवर घालतो. हे त्याचं बळ. पण मर्यादा खर्चाच्या पटीत ठेवली की खर्च वाढवणंच फायद्याचं होतं. दोन रुपये खर्चाची वस्तू तीनला विकता येते, फरक एक रुपया. खर्च तीन रुपये दाखवला तर साडेचारला विकता येते, फरक दीड रुपया. काटकसर करणाऱ्याचा तोटा आणि उधळ्याचा फायदा. शिवाय खर्च ठरवायचा कुणी? कारखान्याच्या वह्या तपासणारी यंत्रणा उभी केली की परवाने आणि इन्स्पेक्टर आलेच.

याच ठिकाणी मसानींचा विरोध लोहियांच्या विरोधाला छेद देतो. अविश्वास ठरावावर दोघांची मतं सरकारविरुद्ध पडणार हे ठरलेलं होतं. पण मसानी आणि त्यांच्या स्वतंत्र पक्षाला नियोजनाचा पसारा आणि ‘परमिट-लायसन्स राज’ नको होतं. लोहियांना नियोजन हवं होतं, पण ते जड कारखान्यांऐवजी छोट्या यंत्रांचं, पाटबंधाऱ्यांचं आणि शेतीचं. तोट्यातल्या शेतीवरचा शेतसारा त्यांना माफ हवा होता, पडीक जमीन लागवडीखाली आणायला अन्नसेना हवी होती. ‘विरोधकांची आर्थिक भूमिका’ असं एकवचनात लिहिणाऱ्याने ही दोन भाषणं शेजारी ठेवून वाचावीत.

पुढे आकड्याचं काय झालं?

लोहिया १२ ऑक्टोबर १९६७ ला गेले. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सुरुवात उष्मांकांपासून केली. माणसाला रोज २२५० उष्मांक मिळायला किती खर्च येतो, हे नमुना पाहणीच्या आकड्यांवरून काढलं, आणि १९६०-६१ च्या किमतींनी किमान रेषा ठरवली : ग्रामीण भागात महिन्याला माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या वर्षी ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली निघाले.

पंधरा रुपये महिना म्हणजे रोजचे आठ आणे.